मजुरीचा चालू भाव आणि दुसऱ्याचं प्रारब्ध

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या परिवार ग्रुपवर एक चर्चा सुरू झाली आणि अर्धवटच राहिली, कारण मध्येच एकादशीच्या शुभेच्छा यायला लागल्या. पुण्याच्या एका ताईंनी लिहिलं होतं की चाकणला त्यांच्या जावयाच्या कंपनीत साध्या हेल्परला जो पगार आहे, तो आपल्या सांवेर रोडवर मशीन चालवणाऱ्यालाही मिळत नाही. असं का? त्यावर तीन उत्तरं आली. एक, तिकडे महागाई जास्त. दुसरं, इकडे चालू भावच तो आहे, मालक तरी काय करणार. तिसरं उत्तर होतं, "शेवटी ज्याचं त्याचं प्रारब्ध." या तिसऱ्या उत्तराखाली अकरा जणांनी हात जोडले. ते अकरा हात बघून मी हे लिहायला बसले आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची रोजीरोटी सांवेर रोडशी बांधलेली आहे. कुणाचं प्लॅस्टिक मोल्डिंगचं युनिट, कुणाचं फरसाण पॅकिंगचं, कुणी अकाउंट्स बघतं, कुणाचा माल तिथून निघतो. आणि दर गुरुवारी आपली खिचडी-ताकाची सेवा तिथेच असते. ज्या भगिनी सेवेला येतात त्यांना आठवत असेल, सुरुवातीला आपण संध्याकाळी सहाची वेळ ठेवली होती. सहाला रस्ता रिकामा. फाटकं उघडायची ती आठला. म्हणून सेवाही आठवर नेली. शिफ्ट आठ तासांची असती तर आपली खिचडी सहालाच संपली असती, एवढं साधं आहे ते.

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, भिशीचा हिशेब आपण यापेक्षा बारकाईने करतो.

मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२४ पासून अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना ११,८०० रुपये ठरवलं. त्यावर दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता बदलतो, म्हणून आजचा आकडा थोडा वर असतो; आपण ११,८०० च धरू. मध्यंतरी मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाची त्याला स्थगिती होती, ती डिसेंबरमध्ये उठली. दिल्लीत ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच अकुशल कामाला १८,०६६ रुपये होते. म्हणजे झाडू तोच, पोतं तेच, पाठ तशीच, आणि फरक महिन्याला सहा हजारांच्या वर.

रिझर्व्ह बँक दरवर्षी राज्यांची आकडेवारी काढते. २०२२-२३ साली गावाकडच्या बांधकाम मजुराला केरळात दिवसाला सरासरी ८५२ रुपये मिळत होते, देशात सरासरी ३९३, आणि आपल्या मध्य प्रदेशात २७८. शेतमजुरीत केरळ ७६४, आपण २२९. वीट केरळात जास्त जड असते असं काही नाही.

पण नुसता महिन्याचा आकडा बघून फसगत होते, ती तासांमुळे. सरकारी ११,८०० हे २६ दिवस आणि रोज आठ तास यांचे आहेत, म्हणजे २०८ तास. तासाला पावणेसत्तावन्न रुपये पडले. खिचडीच्या रांगेतला एक मुलगा मला म्हणाला, "आंटी, बारा हजार मिलते हैं, सरकारी से ज़्यादा." खुशीत होता बिचारा. त्याची ड्यूटी बारा तासांची. २६ दिवस धरले तरी ३१२ तास होतात, आणि तासाला साडेअडतीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. (जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वजा केली तर हिशेब थोडा हलेल, फार नाही.) १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आपल्याकडे आठवड्याचे ४८ तास आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर असं सूत्र आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातही ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायम आहे. त्या दराने त्या मुलाच्या जादा १०४ तासांचे आणखी ११,८०० होतात. एकूण २३,६००. हातात येतात बारा. शिवाय महिन्याला इतका ओव्हरटाइम करून घेणं हेच मुळात कायद्याच्या मर्यादेत बसत नाही, ते वेगळंच. पॅकिंगवरच्या एका बाईने दहा हजार सांगितले, तास तेच. बाई म्हणून दोन हजार कमी, याला तर कुठल्याच प्रांताची महागाई लागू पडत नाही.

आता ती तीन उत्तरं.

महागाईचं उत्तर अर्धं खरं आहे. पुण्यात खोलीचं भाडं इथल्यापेक्षा जास्त, भाजी महाग, येण्याजाण्याचा खर्च जास्त. पण तेलाचा डबा, साखर, औषधाची गोळी, मोबाइलचा रिचार्ज, मुलाच्या स्पर्धा परीक्षेचा फॉर्म यांचे दर गरिबाला गाव विचारून कुणी लावत नाही. आणि मला सगळ्यात खटकतं ते असं, की सांवेर रोडवर भरलेलं फरसाणाचं पाकीट इंदुरात, पुण्यात आणि कोचीत एकाच छापील किमतीला विकलं जातं. मालाला भाव अख्ख्या देशाचा आणि हाताला भाव फक्त बाणगंगेचा, हे स्वस्ताईचं गणित मला काही पटत नाही. भाड्यातला फरक समजू शकते. तासाला साडेअडतीस नाही समजू शकत.

आणि पुण्यालाही कुणी स्वर्ग समजू नये. महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळाप्रमाणे वेगळं असतं, शहरात एक आणि तालुक्याला दुसरं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवलेत म्हणतात. ठेवलेत खरे, पण कागदावरचे ४८ कसे फुगतात ते आपण आठ वाजता फाटकापाशी बघतोच.

चालू भावाचं उत्तर जास्त विचार करण्याजोगं आहे, कारण ते देणारी माणसं वाईट नाहीत. आपल्याच एका गुरुबंधूंचं लहान युनिट आहे, बारा माणसं. त्यांनी मला सरळ सांगितलं, "वहिनी, माल घेणारी मोठी कंपनी दर वर्षी भाव पाडून मागते. पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, मला चार-चार महिने मिळत नाहीत. मी एकट्याने दर वाढवला तर बंद पडीन, आणि ही बारा माणसंही घरी बसतील." मी यावर पटकन काही बोलले नाही. त्यांनी तरी एकदा आठ तास करून पाहिले होते. तर कामगारच कुरकुरले! झाबुआकडून आलेली मुलं म्हणाली, आम्ही इथे कमवायला आलोय, संध्याकाळी पाचला सुटून खोलीत बसून काय करायचं? दोघं तर सोडून बारा तासवाल्याकडे गेले.

आता यात कुणाचा दोष? मला वाटतं, त्या मुलांनी बारा तास मागितले याचा अर्थ त्यांना बारा तास आवडतात असा नाही. आठ तासांत पोट भरत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. भुकेल्याची "हो" ही मनापासूनची "हो" धरून चालणं, हे व्यवहारात चालत असेल, साधकाला चालू नये. झाबुआ-अलिराजपूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत मजुरीला जातात. २०२२-२३ च्या त्याच आकडेवारीत गुजरातेतली शेतमजुरी २४१ रुपये होती, आपल्यापेक्षा जेमतेम बारा जास्त. बारा रुपयांसाठी कुणी घर सोडत नाही. तिकडे जास्त दिवस काम मिळतं, म्हणून जातात. त्यातले कितीतरी जण गोध्र्याकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांतून छातीत धूळ घेऊन परत आले, सिलिकोसिसने गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. चालू भाव म्हणून आपण ज्याला नमस्कार करतो, तो असल्या लाचारीतून तयार झालेला असतो.

केरळचा भाव तरी कुठून आला? आभाळातून पडला नाही. जमीन सुधारणा झाल्या, मुली शाळेत गेल्या, कामगार संघटना भक्कम राहिल्या, घरटी कुणीतरी आखाती देशांत गेलं आणि गावात मजूर कमी पडले. म्हणजे भाव हा माणसांनी घडवला. जे माणसं घडवतात ते माणसं बदलू शकतात, एवढंच मी त्या गुरुबंधूंना नंतर फोनवर म्हटलं. एकट्याने नाही बदलत हे मान्य. म्हणून तर आपण परिवार म्हणवतो ना?

आणि आता प्रारब्ध.

महाराज संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तिन्ही कितीदा समजावून सांगतात. प्रारब्ध म्हणजे माझ्या वाट्याला आलेलं, जे मी कुरकुर न करता भोगायचं. माझा संधिवात हे माझं प्रारब्ध, हे मी म्हटलं तर त्यात धीर आहे. तेच वाक्य मी दुसऱ्याच्या दुखण्याकडे बोट दाखवून म्हटलं की त्याचा रंग बदलतो, कारण तिथे मला काही भोगायचंच नसतं. आणि तिथे माझा वाटा असतो तो क्रियमाणाचा. तो मुलगा अलिराजपूरला जन्मला, कोचीला नाही, हे त्याचं प्रारब्ध म्हणा हवं तर. पण त्याला तासाला साडेअडतीस रुपये द्यायचे हे ग्रहांनी नाही ठरवलं. ते एका टेबलावर, चहा पिताना, आपल्यासारख्याच कुणीतरी ठरवलं. ते ठरवणाऱ्याचं आजचं कर्म आहे आणि ते आज त्याच्या खात्यावर चढतं.

नाथमहाराजांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. काशीहून रामेश्वराला गंगेची कावड नेताना वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं, आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरच्या लोकांना वाटलं, पुण्य वाया गेलं. त्या वाळवंटात "गाढवाचं प्रारब्ध" म्हणायला किती सोपं होतं! नाथांना ते सुचलं नाही, याचाच अर्थ त्यांना प्रारब्ध कळलं होतं असा मी घेते. बरं, तिथे तर गाढवाने नाथांचं काही काम केलं नव्हतं. इथे ज्याची गोष्ट चालली आहे त्याने आपली पोती उचललेली आहेत. म्हणून मजुरी देणं ही दयाही नाही, ते देणं आहे. देणेकरी राहून दान करता येतं का, हा खरा प्रश्न आहे. गुरुपौर्णिमेला पाच हजारांची पावती फाडायची आणि बारा माणसांचा ओव्हरटाइम साध्या दराने लावायचा, किंवा दहावं नाव रजिस्टरवर येऊच द्यायचं नाही, यात गुरुचरणी नक्की कुणाचे पैसे पोहोचले?

देणं थकलं की काय होतं ते आपल्या इंदूरने पाहिलंय. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. तोवर कितीतरी कामगार गेलेच. रांगेत त्यांच्या म्हाताऱ्या बायका आणि नातवंडं होती. तिथेही कुणीतरी प्रारब्धच म्हणालं असेल.

तासांच्या बाबतीत आपल्या मराठी माणसाचा मोठा उपकार आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी साप्ताहिक सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि सहा वर्षं झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळवली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, देवाच्या आणि समाजाच्या कामाला मोकळा हवा, असं त्यांचं म्हणणं सांगतात. होळकरांचं कुलदैवतही खंडोबाच. त्या खंडोबाच्या इंदुरात आज कामगाराला रविवारी "हाफ डे" मिळतो आणि तो त्याला सवलत वाटतो. आपण सत्संगाला रविवारी निवांत जातो ती निवांती कुठून आली, हे ध्यानात असलेलं बरं.

गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना आगगाडीत रस्किनचं एक पुस्तक वाचलं, पुढे 'सर्वोदय' नावाने त्याचा सारांश गुजरातीत लिहिला. वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, कारण दोघांनाही कामावर पोट भरायचा सारखा हक्क, हे त्यातलं त्यांना भिडलं. त्या पुस्तकाचं नाव बायबलच्या एका दृष्टांतावरून आलं आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबणाऱ्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखीच मजुरी देतो, कारण उशिरा आलेले आळशी नव्हते, त्यांना दिवसभर कुणी कामावर घेतलंच नव्हतं. आपल्याकडच्या मजूर चौकात अकरा वाजेपर्यंत डबा घेऊन उभी राहिलेली माणसं बघितली की हा दृष्टांत परका वाटत नाही. इंदूरला तर १९६० मध्ये विनोबा येऊन राहिले होते, विसर्जन आश्रम तेव्हाचाच. सर्वोदय हा शब्द आपल्या गावाला नवा नाही.

परिवार ग्रुपमध्ये हा विषय काढला की घरात वितुष्ट येईल अशी भीती काही भगिनींनी मला खाजगीत सांगितली. भाऊ मालक आहे, दीर ठेकेदार आहे, कसं बोलायचं? त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट. १९१८ साली अहमदाबादला गिरणी कामगारांचा संप झाला. मालकांच्या बाजूने पुढे होते अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने उभी होती त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. प्लेगच्या काळातला बोनस मालक बंद करत होते. मालक वीस टक्के वाढ द्यायला तयार, कामगारांना पन्नास हवी होती, गांधीजींनी चौकशी करून पस्तीसवर आणली आणि पुढे तीन दिवस उपासही केला. शेवटी लवादाने पस्तीसच दिले. भाऊ-बहीण एकमेकांविरुद्ध लढले, पण नातं तोडलं नाही. मला तर वाटतं, बहिणीने सांगितलेलंच भावाला जास्त ऐकू येतं. युनियनवाल्याचं ऐकताना तो आधी वकील शोधतो.

त्या बारा माणसांच्या युनिटचं पुढे असं झालं. गुरुबंधूंनी दर एकदम वाढवला नाही, ते शक्य नव्हतं. आधी जादाचे तास वेगळे लिहायला घेतले, म्हणजे निदान कामगाराला कळलं की बारा हजार आठ तासांचे नाहीत. मग चार जणांना दुपारच्या शिफ्टला घेतलं. पॅकिंगच्या बायांचा दर पुरुषांइतका केला, त्याचा बोजा त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघाला. दुप्पट ओव्हरटाइम अजून देत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघतो. ते बघतील असं मला वाटतं, पण हे पुरेसं झालं असं मी त्यांना म्हटलेलं नाही, इथेही म्हणत नाही.

शेवटी एक आपल्या घरचीच बाब. गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्याला आचाऱ्याबरोबर भांडी घासायला सात-आठ बाया येतात. पहाटे पाचला येतात, रात्री पंगती उठून पातेली घासून होईस्तोवर अकरा वाजतात. अठरा तास. पैसे आचारी देतो, किती देतो ते आपण कधी विचारत नाही, कारण ठरलेला ठोक आकडा आचाऱ्याला गेलेला असतो. मी उत्सव समितीला लेखी दिलं आहे: या वर्षी बायांच्या दोन पाळ्या कराव्यात, मजुरी समितीने थेट त्यांच्या हातात द्यावी, किमान वेतनाच्या तासाच्या दरापेक्षा कमी नको, आठ तासांपुढे दुप्पट, आणि त्यांची पंगत शेवटची नसावी. खर्च साधारण एका मिठाईइतका वाढतो, तो कागद मी सोबत जोडला आहे. समितीची बैठक येत्या रविवारी पाचला सभागृहात आहे. ज्यांना या विषयावर बोलायचं असेल, बाजूने किंवा विरुद्ध, त्यांनी जरूर यावं.

जय गुरुदेव 🙏
— सांवेर रोड अन्नसेवेतील एक सेविका, इंदूर